माझ्याच नावाचा माणूस

२ फेब्रुवारी

दुकान बंद करायचं ठरलं. मे अखेर. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता पुरे. परवा जिन्यावरून घसरलीस. पुढच्या वेळी कोण उचलणार?" मी हो म्हटलं. मागे फिरायला नको म्हणून इथं लिहून ठेवते. शाळा अर्धवट, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण वाचणार मीच आहे.

मुलगा चांगला आहे. सून तर त्याच्याहून चांगली. त्यांच्या गावी माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय, फिकट निळी. खिडकीतून बाग दिसते म्हणे. बागेकडे बघत बसून मी काय करायचं, ते विचारलं नाही.

इथं खाली दुकान, वर दोन खोल्या. लोकांचे सोफे आणि खुर्च्या उसवायच्या, बैठकीखाली कापडी पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या, वर फोम आणि कापड चढवायचं. नवरा होता तोवर दोघं करायचो. तो गेल्यावर मी एकटी. झालं तेवढं पुष्कळ झालं.

५ फेब्रुवारी

शेजारच्या न्हाव्याला सांगितलं. तो कात्री वर धरून तसाच उभा राहिला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धं कापलेलं.

"मावशी, मग मी भांडू कोणाशी?"

म्हटलं, "आरशाशी भांड. तुझ्याकडे चिक्कार आहेत."

११ फेब्रुवारी

रविवार. नात जेवायला आली. मुलीची मुलगी, वाचनालयात नोकरीला लागलीय. घास तोंडात असतानाच बोलायला लागली, तोंड भाजलं. सगळी घाई माझ्यावर गेलीय. तिला पहिला कार्यक्रम मिळालाय. भिंतीवर फोटो लावायचे, संध्याकाळी भाषणं. आपल्याकडच्या नामवंत लोकांवर. पण गंमत अशी की सगळे एकाच नावाचे.

"कुठल्या नावाचे?"

"तुझ्या."

माझं नाव असं आहे की बाईलाही चालतं, बाप्यालाही चालतं. त्यामुळे तिला एक हृदयाची डॉक्टरीण सापडलीय, एक शर्यतीत धावणारी पोरगी, एक पूल बांधणारा. म्हटलं बरं आहे. मग म्हणाली, "आणि हवामानवाले तर आहेतच. तेच मुख्य पाहुणे."

मी पातेल्यावर झाकण आपटलं.

हा माणूस जन्मभर रेडिओवर हवामान सांगत आला. आवाज असा, की उद्या वादळ येणार म्हणाला तरी ऐकणाऱ्याला वाटावं लग्नाचं आमंत्रण देतोय. नाव माझंच. त्यामुळे गल्लीत जो तो मला विचारणार, "काय हो, उद्या छत्री घेऊ का?" न्हावी तर रोज. आणि एकदा यानं सांगितलं, आकाश निरभ्र. मी पांढऱ्या मखमलीचा सोफा मागच्या अंगणात डिंक सुकायला ठेवला. दुपारी जो बदाबदा कोसळला! गिऱ्हाईक मलाच म्हणतं, "तुमच्याच नावाच्या माणसानं सांगितलं होतं ना?" म्हणजे चुकणार तो आणि नाव जाणार माझं.

"त्याला कशाला बोलावतेस?" म्हटलं.

"आजी, तो नामवंत आहे."

"नामवंत असला तर असू दे. माझा सोफा कोण देणार?"

१७ फेब्रुवारी

नातीनं वाचनालयाच्या स्टेजवरच्या चार खुर्च्या आणून टाकल्या. बसलं की माणूस विहिरीत गेल्यासारखा दिसतो. म्हणाली, "तुझं शेवटचं काम समज."

शेवटचं म्हटल्यावर मला राग आला. कशाचा ते कळलं नाही. चहात साखर पडली नव्हती, त्यामुळे असेल.

तिला आपली रीत सांगितली. ज्यानं बसायचं तो एकदा माझ्यासमोर बसल्याशिवाय मी बैठक शिवत नाही. पट्टे ताणले की त्याला बसवायचं, भार कुठं पडतो बघायचं, मग स्प्रिंगा बांधायच्या. पायजमा कोणी अंदाजानं शिवतं का?

"अगं आजी, एवढी मोठी माणसं तुझ्या दुकानात येऊन बसणार?"

"बसता येतं ना त्यांना? मग झालं."

२६ फेब्रुवारी

डॉक्टरीण आली. खुर्चीच्या टोकावर चिमणीसारखी. म्हटलं, "पूर्ण बसा." म्हणाली, "सवय नाही हो, कधी बोलावतील सांगता येत नाही." फोन तिच्या हातातून काढून कपाटावर ठेवला. मग बसली. मग डोळेच मिटले तिनं. उठवावं की नको, कळेना. तोवर मी दुसऱ्या खुर्चीचे खिळे उपटले, आवाज न करता.

धावणारी पोरगी येऊन गेली. बसल्या बसल्या पाय नाचतात. तिच्या खुर्चीला पुढून जरा जास्त भर घातला पाहिजे, नाहीतर खुर्चीच स्टेजवरून पळून जाईल.

पूलवाला स्प्रिंगांकडेच बघत राहिला. कुठली गाठ कशी मारता, का मारता. शेवटी त्याला दोरा हातात दिला आणि बांधायला लावलं. खुशीत गेला.

४ मार्च

आज तो आला. हवामानवाला.

उंच, थोडा वाकलेला. हातात छत्री. बाहेर लख्ख ऊन. मी म्हटलं, "तुमचा स्वतःवरही विश्वास नाही वाटतं."

तो म्हणाला, "मला अनुभव आहे ना."

तोच आवाज. दुकानात दुसराच कोणी बोलतोय असं वाटलं. बसवला. बसता येत नाही त्याला! डावीकडे कलतो. म्हणाला, जन्मभर मायक्रोफोनसमोर उभं राहून बोललो, बसायची वेळच आली नाही.

मग मी मखमलीचा सोफा काढला. म्हणजे विषय. सगळं ऐकवलं. न्हावी दारात येऊन उभा, त्याचं गिऱ्हाईक गळ्याभोवती टॉवेल घेऊन त्याच्या मागे. हवामानवाला हसला नाही. म्हणाला, "मार्चमधली गोष्ट. दुपारी वारा फिरला. मी खिडकीशी उभा होतो आणि मला दिसत होतं की आता कोणाचं ना कोणाचं तरी काहीतरी भिजणार. ते तुमचं होतं, हे आज कळलं. माफ करा."

असं कोणी सरळ माफ करा म्हटलं की माणसाची पंचाईत होते. भांडायचं किती जमवून ठेवलं होतं! चहा टाकला. दोन कप प्यायला. साखर दोन चमचे लागते. हे लिहायचं काही कारण नाही.

७ मार्च

हवामानवाला परत आला. म्हणे, परवा नीट बसलो नव्हतो. बसवलं. आज उजवीकडे कलला.

९ मार्च

परत. म्हटलं, "अहो, कार्यक्रमाला तासभर बसायचंय तुम्हाला, अंडी उबवायची नाहीत."

म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, भार कुठं पडतो ते बघायला हवं. माझा रोज वेगळीकडे पडतो."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली म्हणाला. मूलबाळ नाही. घरी सकाळी उठून खिडकीतून बघतो आणि मोठ्यानं सांगतो, आज ढगाळ. मी विचारलं, "कोणाला सांगता?" म्हणाला, "तेच तर." मी पट्टा ताणायला घेतला. एका टोकाला जोर लागतो, एकटीला गुडघ्यानं रेटावं लागतं. त्यानं न सांगता दुसरं टोक धरलं. बरा ताणला गेला.

१४ मार्च

न्हावी चेकाळलाय. भिंतीपलीकडून ओरडतो, "मावशी, आज हवा कशी आहे?" म्हटलं, "तुझ्या डोक्यात भरलीय तशीच आहे."

नात आली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे पातळ कधी नेसलीस? छान दिसतंय." दुसऱ्याला डिंक लागला होता म्हणून नेसले. तिला तसं सांगितलं. ती "हो हो" म्हणाली, दोनदा. एकदा पुरलं असतं.

२० मार्च

वाचनालयाची खुर्ची संपली तर आज हवामानवाले घरची खुर्ची घेऊन आले. जेवायच्या टेबलाची. स्वतः खांद्यावर घालून, या वयात! खालचा पट्टा तुटलाय म्हणाले.

उलटी करून बघितली. पट्टा मधोमध सरळ तुटलेला. जुना पट्टा झिजतो, तंतू तंतू सुटतात. हा सुरीनं कापल्यासारखा. म्हटलं, "हे कशानं झालं?"

"उंदीर असावेत."

उंदीर असा रेघ मारून कुरतडत नाही. पण मोठा माणूस आहे, तोंडावर कुठं खोटं पाडायचं. चहा झाला. त्यांना एक गंमत येते. ढगांची नावं सांगतात आणि कुठला ढग कोणत्या नातेवाइकासारखा वागतो ते सांगतात. एक ढग आहे तो दिवसभर येतो येतो म्हणतो आणि येतच नाही, तो त्यांचा मेहुणा. मी इतकी हसले की खिळे तोंडात धरले होते ते थुंकावे लागले. खिळे तोंडात धरून हसू नये. जीव जायचा.

२४ मार्च

मुलाचा फोन. टेम्पो कधी पाठवू? म्हटलं, थांब जरा, कामं आहेत. "आई, तू नवीन कामं घेत नाहीयेस ना?" म्हटलं, छे.

आज कोपऱ्यावरच्या शिक्षिकेचा दिवाण कामाला घेतला. जूनमध्ये देते म्हटलं. तोंडातून गेलं.

१३ एप्रिल

काल कार्यक्रम झाला. लिहायला आज वेळ मिळाला, हात अजून दुखतोय. इतक्या लोकांनी हस्तांदोलन केलं.

नातीनं खुर्च्यांवर पाट्या लावल्या होत्या, छान छापून घेतलेल्या. प्रत्येकीवर पाहुण्याचं नाव. नाव तेवढंच, आडनावसुद्धा नाही. चारही पाट्यांवर एकच नाव! हा घोळ आमच्या घराण्यातच होऊ शकतो. मी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते, म्हणजे कंटाळा आला तर निघता येईल. आणि पेपरात हिनं छापलं होतं की या नावाच्या सगळ्यांनी यावं. हॉल भरला. बसचा ड्रायव्हर, एक दंतवैद्य, पाळण्यातलं एक मूल, जुळ्या बहिणींतली एक.

वाचनालयाच्या साहेबांनी माइकवर नाव पुकारलं आणि म्हणाले, "कृपया स्टेजवर यावं." अर्धा हॉल उठला! साहेब घाबरून मागे सरकले. हशा पिकला. ते पाळण्यातलं मूलही त्याच वेळी ओरडलं. लोक म्हणाले, बघा, तेही हजर.

शेवटी चौघं स्टेजवर गेले आणि बसले, ज्याला जी खुर्ची दिसली त्यात. डॉक्टरीण धावणारीच्या खुर्चीत. धावणारी पूलवाल्याच्या. मी बघतेय. डॉक्टरीण परत टोकावर सरकली, कारण ती खुर्ची तिची नव्हे. पूलवाला हवामानवाल्याच्या खुर्चीत वाकडा झाला. नात भाषण करतेय, मला काही ऐकू येईना. किती सहन करायचं? मी उभी राहिले आणि मागूनच ओरडले, "उठा सगळे! तुमची ती नाही!"

नातीनं कपाळाला हात लावला. आता उठलेच आहे तर, म्हणून सरळ स्टेजवर गेले आणि एकेकाला हाताला धरून आपापल्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरीण बसली आणि "हं!" म्हणाली, माइकमध्ये. सगळा हॉल हसला. धावणारीचे पाय थांबले. पूलवाला लोकांना सांगायला लागला की यातली एक गाठ माझी आहे.

मी उतरायला वळले तर हवामानवाले उठून माइकशी गेले. म्हणाले, "मित्रहो, आमचं नाव मी बरीच वर्षं रेडिओवर नेलं आणि अधूनमधून खराबही केलं. ज्यांनी ते गल्लीत सांभाळलं, माझ्या वाटणीच्या शिव्याही खाल्ल्या, त्या या. आमच्याच नावाच्या. यांना बसायला खुर्ची ठेवलेली नाही." आणि आपली खुर्ची पुढे सरकवली.

म्हटलं, "तमाशा पुरे. मला खाली जाऊ द्या."

"बसा हो. मला उभं राहायची सवय आहे."

टाळ्या इतक्या वाजायला लागल्या की बसल्याशिवाय थांबतील असं दिसेना. बसले. बैठक चांगली जमलीय. पूर्ण वेळ ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, मागे. मला भाषणं आठवत नाहीत. चांगलीच झाली असणार.

नातीला साहेबांनी शाबासकी दिली. आणि तिनं मला मिठी मारली, सगळ्यांच्या देखत. नको तिथं गुदगुल्या होतात मला, तरी मारली.

१४ एप्रिल

परवा कार्यक्रमातून जाताना हवामानवाले नातीशी बोलत उभे होते. तिनं सांगितलं वाटतं, की आजी मेमध्ये जाणार. मी टेबलं आवरत होते. मग ते आले, म्हणाले, "मुलाकडे जाताय. चांगलं आहे." छत्री घेतली आणि गेले. दोन वाक्यं. रेडिओवर कधी इतकं थोडं बोलले नसतील.

१८ एप्रिल

कोणी आलं नाही.

१९ एप्रिल

फोम उलटा कापला.

२३ एप्रिल

चहा दोन कप झाला. एक ओतून दिला. पातेलं मोठं आहे, त्याचा दोष.

२७ एप्रिल

मुलाचा फोन. टेम्पो ठरवला म्हणाला, मे अखेरचा. म्हटलं, बरं. म्हणाला, "आई, आवाज असा का?" म्हटलं, तोंडात खिळे आहेत. नव्हते.

३० एप्रिल

न्हावी सकाळीच आला. तोंड गंभीर. याचं गंभीर तोंड म्हणजे आजारी पडल्याचं लक्षण. म्हणाला, "मावशी, एक विचारू?"

"नको."

"त्यांची ती खुर्ची तुमच्याकडे आहे अजून."

कोपऱ्यात होतीच. जेवणाच्या टेबलाची. कधीच झाली होती. म्हणाला, "लोकांच्या वस्तू ठेवून घेऊन गाव सोडणं बरं दिसत नाही."

हे मात्र खरं बोलला. गिऱ्हाइकाची वस्तू आपण कधी ठेवून घेतली नाही. निघायच्या आधी सगळं पोचतं केलं पाहिजे. उद्याच जाते.

१ मे

टॅक्सीनं गेले. खुर्ची मांडीवर घेऊन. त्यांचं घर चढावर, तिसरा मजला. चढताना गुडघ्यानं एकदाही कुरकुर केली नाही, नेमका.

दार उघडलं. मला बघून "तुम्ही!" म्हणाले आणि माझ्या हातातली खुर्ची घेतली. आत गेले. म्हणाले, "बसा ना." आणि लगेच, "नको, थांबा!"

तोवर मी बसले होते. बसले ती सरळ खाली गेले, गुडघे हनुवटीला. त्यांनी हात धरून ओढून काढलं. खुर्ची उलटी केली. पट्टा कापलेला, मधोमध. शेजारची उलटी केली. तीही. टेबलाभोवतीच्या सगळ्याच. आरामखुर्चीसुद्धा सोडली नव्हती या माणसानं.

"उंदीर?" म्हटलं.

खाली मान घालून उभे. शाळेत मास्तरांसमोर उभं राहावं तसे. म्हणाले, "एकेक आणणार होतो. तुम्ही जाणार हे माहीतच नव्हतं. मग आणायचा धीर झाला नाही."

"मग इतके दिवस बसता कुठं?"

"उभाच असतो."

"जेवता?"

"ओट्याशी. उभ्यानं."

मला हसायला यायला लागलं. म्हणजे रागावायचं होतं, चांगले पट्टे होते ते, पण हसायलाच आलं. मग त्यांनाही. त्या घरात दोन माणसं उभ्यानं हसतायत आणि बसायला धड खुर्ची एकच, मी आणलेली. शेवटी पलंगाच्या कडेवर बसलो, त्याला पट्टे नसतात.

म्हणाले, "मी उद्याचं सांगण्यात जन्म घालवला. पण हे मला..."

म्हटलं, "उद्याचं राहू द्या, तुमचा भरवसा नाही. या खुर्च्यांचं बोला. एवढं काम मे अखेर होत नसतं."

"जून?"

"जून शिक्षिकेच्या दिवाणात जाणार."

"मग जुलै लागेल?"

"जुलैत होईल असंही कोणी सांगितलेलं नाही. आरामखुर्ची मोठी आहे."

माझा हात त्यांच्या हातात होता, मघाशी ओढून काढताना धरला होता तोच. सोडायचा राहून गेला.

"एक सांगू?" म्हणाले. "जिना चढ-उतर करून खुर्च्या आणायला माझं वय झालंय. त्यापेक्षा मीच खाली तुमच्याकडे राहायला आलो तर?"

"तुमचं सामान फार आहे का?"

"घड्याळं आहेत काही."

"घड्याळं चालतील. ढग आणू नका."

टॅक्सी खाली थांबवून ठेवली होती, ते विसरलेच. ड्रायव्हर वर येऊन दार वाजवायला लागला. त्यालाही हवामानवाले म्हणाले, "बसा ना," आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "नको!"

२ मे

मुलाला फोन केला. हवामानवाल्यांशी लग्न करतेय, असं एका दमात सांगितलं. म्हणाला, "आई, तो रेडिओवरचा? मखमलीचा सोफा भिजवणारा?"

"तोच."

असा हसला, असा हसला. लहानपणी हसायचा तसा. सुनेला हाक मारून सांगतोय, तिचंही हसणं ऐकू येतंय. मग शांत झाला. म्हणाला, "मला फक्त एवढंच होतं गं, की तू एकटी आहेस. जिना आणि तू."

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मी म्हातारी झाले असं त्याचं म्हणणं आहे.

"आणि ती निळी खोली?" म्हणाला.

"असू दे तशीच. दोघं येऊ चार दिवस. बाग बघू."

"चार दिवस बसवेल तुला?"

"मला बसवेल. त्यांना बसायला शिकवायला लागेल."

टेम्पोही त्यानं रद्द केला नाही. म्हणाला, येतोच आहे तर त्यांची घड्याळं उतरवून देईल.

न्हाव्याला सांगायला गेले तर त्याला आधीच माहीत. नातीनं सांगितलं. तिला कोणी सांगितलं? या दोघांचं सगळं आधीच चाललं होतं की काय? विचारलं तर दोघंही छताकडे बघतात. न्हावी म्हणाला, "मावशी, माझी आजी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची नाही. तुमचं अवघड आहे. तुम्हाला आता स्वतःचंही घेता यायचं नाही."

म्हटलं, "अहो म्हणेन. स्वतःलाही अहोच म्हणेन. तू केस काप."

२२ मे

नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीतली मुलगी तरुण, चुणचुणीत. म्हणाली, "वराचं नाव?" यांनी सांगितलं. तिनं टाइप केलं. "वधूचं नाव?" मी सांगितलं.

ती थांबली. "नाही आजी, वराचं झालं. आता वधूचं सांगा."

"तेच."

"तुमचं हो."

"माझंच सांगतेय."

तिनं यांच्याकडे बघितलं, की आजींना ऐकायला कमी येतं का. हे आपल्या रेडिओच्या आवाजात म्हणाले, "दोन्हीकडे तेच लिहा. अंदाज अचूक आहे." तिनं आवाज ओळखला. "अय्या, तुम्ही ते!" म्हणाली आणि आतून साहेबांना बोलवून आणलं. साहेबांनी कॉम्प्युटरला किती वेळा सांगितलं, तो ऐकेना. लाल अक्षरात म्हणतो, एकच व्यक्ती दोनदा आली आहे. मागची रांग खोळंबली. पण कोणी कुरकुरलं नाही. एक नवरदेव तर म्हणाला, आम्हाला घाई नाही, हे कसं सुटतं ते बघू द्या.

सुटलं एकदाचं. मग मुलीनं विचारलं, "आजी, आडनाव बदलणार?"

म्हटलं, "बाई गं, एवढं एकच वेगळं उरलंय. ते राहू दे. नाहीतर विजेचं बिल कोणाचं, हे देवालाही कळायचं नाही."

नातीनं सही केली, मुलानं सही केली. सून रडली. मी नाही. मला तिथल्या बाकड्याचं कुशन बघवत नव्हतं, तिकडंच लक्ष होतं.

९ जून

दिवाण झाला, शिक्षिकेकडे पोचवला. टेबलाच्या खुर्च्यांतली ती पहिली तेवढी झालेली आहे. बाकीच्यांना हात लावलेला नाही, घाई काय आहे. जेवताना एकच खुर्ची असते, तिच्यावरून रोज भांडण. हे म्हणतात तू बस, मी म्हणते तुम्ही बसा. शेवटी दोघं जिन्याच्या पायरीवर ताट घेऊन बसतो. दुकानावरची पाटी तीच आहे. नवी कशाला करायची, नाव बरोबरच आहे.

घड्याळं सगळी वेगवेगळी वाजतात. दोन दिवस डोकं उठलं. आता एखादं राहिलं तर मीच विचारते, ते का नाही वाजलं.

आज सकाळी मी वर पट्टे मोजत होते, हे खिडकीशी. खालून कोणीतरी नावानं हाक मारली. दोघंही एकदम म्हणालो, "आले, आलो!" मग एकमेकांकडे बघत उभे. परत हाक. यांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "कोण पाहिजे? हवामान की सोफा?"

खालचा माणूस विचारात पडला. म्हणाला, "दोन्ही चालेल."

हे जायला निघाले होते. मी थांबवलं. जिना मीच उतरले, यांनी मागून दंड धरला होता. यांना कापडातलं काय कळतंय.